मराठीतून इंग्रजीत जाताना : पेडण्यातल्या एका वर्गाचा अनुभव

गोव्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते. पाचवीला मूल हायस्कुलात येतं आणि तिथे गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळं एकदम इंग्रजीतून सुरू होतं. घरी कोंकणी, शाळेत चार वर्षं मराठी आणि आता ही तिसरी भाषा. पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी पाचवी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. चौथीत प्रश्न विचारून बाईंना भंडावणारी मुलं पाचवीत येऊन गप्प बसतात, हे मी दर वर्षी पाहते. त्यांना अपूर्णांक येत असतात. पाण्याची वाफ का होते तेही माहीत असतं. पण ज्या शब्दांत माहीत असतं ते शब्द आता वर्गात चालत नाहीत आणि नवे शब्द अजून कशालाच चिकटलेले नसतात.

लहान मुलांना आपल्या भाषेतून शिकवावं, याबद्दल मला कधीच शंका वाटली नाही. माध्यमाच्या प्रश्नावर गोव्यात बरीच आंदोलनं झाली, बरंच बोलून-लिहून झालं. त्यात मी इथे शिरत नाही. माझ्यासमोर बसलेल्या मुलांना चौथीत मिळवलेलं ज्ञान टाकून न देता पुढे कसं नेता येईल, एवढ्याच प्रश्नाने मी कामाला लागले. भाषा बदलली तरी जागेवरून न हलणारं काहीतरी हवं होतं. ते मला चित्रांत, हलवता येणाऱ्या आकृत्यांत आणि नकाशांत सापडत गेलं. सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोण इथल्या माझ्यासारख्या शिक्षकांच्या कामी यावं म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट अगदी साधी आणि फुकट मिळणारी. महाराष्ट्राचं बालभारती मंडळ एकच पुस्तक मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत काढतं आणि दोन्हींच्या पीडीएफ त्यांच्या संकेतस्थळावर असतात. पाठांचा क्रम तोच, चित्रं तीच, फक्त भाषा वेगळी. पुस्तक आमच्या अभ्यासक्रमाचं नाही, पण पचनसंस्था पेडण्यात वेगळी आणि सावंतवाडीत वेगळी नसते. पाठ शिकवायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही पुस्तकांतली तीच आकृती शेजारी शेजारी लावून छापून घेऊ लागले. मूल आधी मराठी आकृतीवर बोट ठेवतं, मग इंग्रजी आकृतीवर त्याच जागी बोट नेतं. जठर जिथे होतं तिथे आता ‘स्टमक’ लिहिलेलं आहे, एवढंच. शब्दार्थ पाठ करून घेण्यापेक्षा हे फार वेगळं आहे, कारण नवा शब्द जुन्या शब्दावर चढत नाही, तो थेट अवयवावर जाऊन बसतो.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर वापरलं. २०१५ पासून चालू असलेल्या या संकेतस्थळावर एकच चित्रकथा अनेक भाषांत मिळते. मराठी आहे, इंग्रजी आहे, काही गोष्टी कोंकणीतही आहेत. पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्याने उतरवून घ्यायला, छापायला अडचण नाही. वर्गातलं वाचन कोंकणीत सुरू झालं की मुलं हसतात. छापील कोंकणी त्यांनी फारशी पाहिलेली नसते, आणि घरची भाषा शाळेच्या पडद्यावर आली याचा त्यांना खरा आनंद होतो. तिथून मराठी, मग इंग्रजी. चित्र ओळखीचं झालेलं असल्यामुळे इंग्रजी पान अंगावर येत नाही.

पण खरा फरक पडला तो हलवता येणाऱ्या आकृत्यांनी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात बोल्डर इथे २००२ साली ‘फेट’ हा प्रकल्प सुरू झाला. तो सुरू करणारे कार्ल वीमन यांना त्याच्या आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. विज्ञान आणि गणितातल्या कल्पना हाताळून पाहता येतील अशी सिम्युलेशनं हा प्रकल्प बनवतो आणि ती मोफत आहेत. त्यांतल्या अनेकांची मराठी भाषांतरं झाली आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती उतरवून ठेवली की इंटरनेटशिवाय साध्या ब्राउझरमध्ये चालतात. आमच्या भागात पावसाळ्यात वीज जाते, नेटवर्क सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं पठार, चढून गेल्यावर मिळतं, तेव्हा ‘ऑनलाइन’ साधन शाळेत पोचेपर्यंत ऑफलाइन झालेलं असावं लागतं. मी घरी रात्री फायली उतरवते, प्रत्येक सिम्युलेशनची मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही प्रती पेन ड्राइव्हवर ठेवते आणि फायलींची नावं देवनागरीत लिहिते. मग कोणतंही मूल येऊन स्वतः उघडू शकतं. व्हिडिओ मात्र वर्गात थेट लावणं मी बंद केलं. मधेच जाहिरात येते, शेजारी भलतीच चित्रं दिसतात, आणि एकदा लक्ष गेलं की तास गेला.

अपूर्णांकांचं सिम्युलेशन पाचवीला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी मराठी प्रत उघडली. एका वर्तुळाचे छेदाइतके भाग होतात, टोपलीतून तुकडा ओढून वर्तुळात टाकला की अंश वाढतो. वर्तुळाऐवजी आयत घेता येतो, केक घेता येतो, संख्यारेषा घेता येते. छेद वाढवला की तुकडा लहान होतो, हे मुलांना तोंडाने सांगता येत होतं. पण एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांत मोठं काय असं विचारलं की अर्धा वर्ग चतुर्थांश म्हणायचा, कारण चार मोठा. इथे त्यांनी स्वतः बाण दाबून तीनचे चार, चारचे पाच भाग केले आणि तुकडा बारीक होताना पाहिला. कोणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. मुलं आपापसांत बोलू लागली, अर्थात कोंकणीत. ते मी थांबवलं नाही, थांबवणारही नाही. दुसऱ्या दिवशी तेच सिम्युलेशन इंग्रजीतून उघडलं. पडद्यावर तोच केक, तीच टोपली. मी काहीही न सांगता एक मुलगी पुढे आली, बाण दाबला आणि म्हणाली, “टीचर, डिनॉमिनेटर चडयलो म्हणटकच पीस ल्हान जालो.” एका वाक्यात कोंकणी आणि इंग्रजी, आणि गणित अचूक. पाचवीच्या सुरुवातीला मला एवढंच हवं असतं. शुद्ध इंग्रजी वाक्य पुढच्या वर्षी येईल. विचार चालू राहिला पाहिजे.

सातवीला विद्युत मंडल शिकवताना फेटचंच जोडणी-पेटीसारखं सिम्युलेशन वापरते. बॅटरी, तारा, दिवा जोडला की तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, आणि बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली तर बॅटरीतून ज्वाळा निघतात. मुलं ते परत परत करतात आणि करू द्यावं. मात्र त्याआधी खरा सेल, खरी तार आणि टॉर्चचा दिवा हातात दिलेला असतो. माझा नियम आहे की जे हाताला लागतं ते आधी हातात द्यायचं. दिवा पेटला हे खऱ्या दिव्यात बघायचं आणि तारेच्या आत काय चाललंय ते पडद्यावर बघायचं, कारण तारेच्या आत डोळा पोचत नाही. आगरवाड्याच्या मिठागरात जानेवारीनंतर मीठ पडतं. तिथे मुलांना घेऊन गेले की बाष्पीभवनाच्या व्हिडिओची गरजच राहत नाही. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरही मला हीच वृत्ती दिसते. तिथले छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत, पण ते बघून थांबायचं नसतं. काड्यापेटी, रबर, जुनी नळी घेऊन बसायचं असतं.

आणखी एक सवय लागली. पडदा बंद केल्यावर वही उघडायची आणि आत्ता जे पाहिलं ते आठवून काढायचं. नावं कुठल्याही भाषेत लिहा. त्या चित्रांतून मला जितकं कळतं तितकं चाचणी परीक्षेतून कळत नाही. कोणी तारेतले इलेक्ट्रॉन फक्त बॅटरीजवळच काढतं, दिव्यापाशी काढत नाही. म्हणजे ते बॅटरीतून येऊन दिव्यात संपतात असं त्याला वाटतंय. हे त्याने मला शब्दांत कधी सांगितलं नसतं, इंग्रजीत तर नाहीच. रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चित्र आणि शब्द एकत्र वापरून शिकण्यावर दीर्घकाळ काम केलं आहे. शब्द चित्राच्या जवळ हवेत आणि विषयाशी संबंध नसलेली सजावट, संगीत काढून टाकलं तर शिकणं सुधारतं, हे त्यांचे दोन निष्कर्ष मी माझ्या वर्गात रोज पडताळून पाहते. बाजारात मिळणाऱ्या रंगीबेरंगी ‘स्मार्ट क्लास’ सामग्रीत नाचणारे प्राणी आणि पार्श्वसंगीतच जास्त असतं. दीक्षासारख्या सरकारी मंचावर भरपूर साहित्य आहे, २०१७ पासून वाढतंच आहे, पण त्यातूनही निवडावंच लागतं. निवडायला वेळ लागतो आणि तो वेळ शिक्षकाला कुठल्याही वेळापत्रकात मिळत नाही, याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. शाळांना यंत्रं देताना शिक्षकाला बसून निवडायचा वेळही द्यायला हवा.

आकाशाच्या बाबतीत पडद्याला पर्याय नाही. स्टेलॅरियम हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर घेतला की आपलं गाव, आपली तारीख, आपली वेळ घालून आकाश पाहता येतं. आमच्या पुस्तकात दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर दाखवलेला असतो. मुलांनी मैदानात मीटरभर काठी रोवून फेब्रुवारीत सावल्या मोजल्या. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडलीच नाही, पाऊण वाजून गेल्यावर पडली, आणि तेव्हाही ती चांगली लांब होती. घड्याळाचं कारण सोपं आहे. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि गोवा त्याच्या बराच पश्चिमेला, चौऱ्याहत्तरच्या जवळ आहे. पण मग सूर्य बरोबर डोक्यावर येतो तरी कधी? पेडण्यासाठी तो दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, नऊ-दहा तारखेच्या आसपास. मेमध्ये सुट्टी असते, ऑगस्टमध्ये ढग. स्टेलॅरियममध्ये मे महिन्यातल्या त्या दिवशी साडेबारानंतरची काही मिनिटं पुढे सरकवली तेव्हा सूर्य माथ्यावर येऊन ठेपला. वर्ग गप्प होता. मग एका मुलाने विचारलं की मे आणि ऑगस्टच्या मधल्या काळात सूर्य कुठे जातो. मी तारीख पुढे नेली. सूर्य माथा ओलांडून उत्तरेकडे गेला.

“म्हणजे सावली दक्षिणेला पडणार?” त्याने विचारलं. कोणाचा विश्वास बसेना, कारण सावली नेहमी उत्तरेला पडते हे त्यांनी स्वतः मोजलं होतं. जूनमध्ये पावसाने उघडीप दिलेल्या एका दुपारी आम्ही काठी पुन्हा रोवली. सावली वीतभरसुद्धा नव्हती, पण होती दक्षिणेला. प्रोग्रॅमने सांगितलेलं जमिनीवर तपासून पाहायचं आणि जमिनीवर पडलेला प्रश्न प्रोग्रॅमला विचारायचा, ही ये-जा मला फार मोलाची वाटते.

नकाशाच्या तासाला गूगल अर्थ. संगणकावरच्या प्रो आवृत्तीत जुन्या तारखांची उपग्रहचित्रं पाहता येतात आणि ती मोफत आहे. पेडण्यातल्या मुलांना जुनं-नवं दाखवायला मोपाइतकी जवळची जागा नाही. त्या सड्यावर आधी गवत, जांभा दगड आणि उतारावर काजूची झाडं. नंतरच्या चित्रांत माती उघडी पडलेली. आणि मग सरळ रेघेसारखी धावपट्टी. मनोहर विमानतळाचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं आणि पुढच्या महिन्यात विमानं सुरू झाली. मुलांनी मोजपट्टीच्या साधनाने धावपट्टी मोजली, ती तीन किलोमीटरहून जास्त भरली, आणि तेवढंच अंतर आपल्या शाळेपासून कुठपर्यंत जातं ते शोधलं. प्रमाण म्हणजे काय हे त्या तासाला कळलं. वर्गात अशीही मुलं होती ज्यांच्या घरच्यांची झाडं तिथे होती. त्यांतल्या एकाने जुन्या चित्रावर कर्सर फिरवत आपली जागा शोधली आणि बराच वेळ तो पडद्यापुढून हलला नाही. मी पुढचा मुद्दा घेतला नाही. अशा वेळी पाठाची घाई करू नये.

या चित्रांसोबत मी एक गोष्ट आवर्जून शिकवते. तारीख आधी वाचा. नोव्हेंबरातलं चित्र हिरवं असतं, मेमधलं करपलेलं. दोन वेगळ्या ऋतूंतली चित्रं शेजारी ठेवली तर जंगल नाहीसं झाल्यासारखं वाटतं, आणि प्रत्यक्षात नुसता उन्हाळा आलेला असतो. पावसाळ्यातली चित्रं तर ढगांमुळे जवळजवळ नसतातच. उपग्रहाचं चित्र म्हणजे पुरावा असं मुलं धरून चालतात. त्यांना प्रश्न विचारायला शिकवणं हा माझ्या दृष्टीने भूगोलाइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

आता मानशीबद्दल. मला सर्वांत जास्त समाधान या कामाने दिलं.

आमच्या गावाजवळ शापोरा नदीला लागून खाजन शेती आहे. नदीचं खारं पाणी भरतीला शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेले असतात आणि बांधात पाण्याला वाट देणारी मानस असते. तिची लाकडी दारं कोणी ओढून लावत नाही. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाब दारं मिटवतो. ओहोटी लागली की आतलं पाणी दारं ढकलून बाहेर पडतं. त्या वाहत्या पाण्याच्या तोंडावर जाळं लावून मासे, सुंगटं (कोळंबी) पकडतात. इतकी हुशारीची रचना, शतकानुशतकं चालत आलेली, आणि दाब शिकवताना आमच्या पुस्तकात तिचा उल्लेख नाही. मी आंतरजालावर शोधलं. फोटो मिळाले, काही इंग्रजी लेख मिळाले. पाणी चढतंय, दार मिटतंय, पाणी उतरतंय, दार उघडतंय, असं मुलांना हलवून दाखवता येईल असं काही सापडलं नाही. मग ते आपणच करावं असं ठरलं.

गोवा सरकारच्या केअर्स योजनेमुळे सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आलं आहे आणि मुलं स्क्रॅच शिकतात. एमआयटीमध्ये तयार झालेली ही भाषा २००७ पासून जगभर मुलं वापरतात. रंगीत ठोकळे जोडून चित्रं हलवायची. संगणकाच्या सरांनी होकार दिला आणि आठवीच्या मुलांनी मानस बनवायला घेतली. मांजर, फुगे हलवण्यापेक्षा त्यांना हे काम लगेच आपलं वाटलं, कारण काहींच्या घरी मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव घेणारे लोक होते. नदी, बांध, शेत, दार हे सगळं त्यांनी स्वतः रंगवलं. पाणी एकेक पायरी वर चढायचं, ठरलेल्या उंचीला दार मिटायचं, पाणी एकेक पायरी खाली यायचं, दार उघडायचं.

मानशीवर काम करणाऱ्या एका आजोबांना आम्ही शाळेत बोलावलं आणि ते दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं. दार बरोबर केलंय म्हणाले. मग मला म्हणाले, “बाय, पूण उदक अशें चडना. पयलीं सवकाश चडटा, मदीं धांवता आनी वयर पावलें म्हणटकच रावता.”

मुलांच्या पडद्यावर पाणी एकाच गतीने चढत होतं. आजोबांचं म्हणणं असं होतं की सुरुवातीला ते हळू येतं, मधे जोरात येतं आणि माथ्यावर पोचताना थांबल्यासारखं होतं. मला खलाशांचा एक जुना ठोकताळा माहीत होता: भरतीच्या साधारण सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्याला आणि चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला पुन्हा एक. तो मी मुलांना लगेच सांगितला नाही. मोजूया का, असं विचारलं.

बांबूवर दर दहा सेंटीमीटरला रंगाचा पट्टा मारला आणि आजोबांनी तो मानशीजवळ बाहेरच्या बाजूला पक्का रोवून दिला. सुट्टीच्या दिवशी, पालक सोबत असताना, मुलांनी बांधावर बसून दर अर्ध्या तासाने पाण्याची उंची लिहिली. पाण्यात कोणी उतरायचं नाही, हा नियम. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या संकेतस्थळावर भरती-ओहोटीचे अंदाज मिळतात. मुरगाव बंदराचे आकडे आम्ही आधीच घेऊन ठेवले होते. दोन गोष्टी मुलांनी स्वतःच ओळखल्या. मुरगावला भरती पूर्ण होण्याची जी वेळ दिली होती त्यानंतर बऱ्याच वेळाने आमच्या मानशीवर पाणी माथ्याला पोचलं, कारण समुद्रातून ते नदीत आत यायला वेळ लागतो. आणि तक्त्यात दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नव्हत्या. आपल्या किनाऱ्यावर हे असंच असतं, पण दिवसातून दोनदा भरती येते एवढंच शिकलेल्या मुलांना ती बातमी होती.

आकडे आधी आलेख-कागदावर मांडले. मग जिओजेब्रामध्ये घातले. साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं हे गणिताचं मोफत साधन. भूमितीसाठी मी ते एरवीही वापरते, त्रिकोणाचं टोक ओढलं तरी तीन कोनांची बेरीज तीच राहते हे दाखवायला. त्यात तक्ता भरला की बिंदू उमटतात. बिंदूंनी रेघ धरली नाही. खाली सपाट, मधे उभी चढण, वर पुन्हा सपाट अशी लाट दिसली. आठवीतल्या एका मुलीने पडद्यावर मधल्या चढणीवर हात ठेवला आणि म्हणाली, “धांवता तें हें.” आजोबांनी सांगितलेलं तिने आलेखात वाचलं. चढण जितकी उभी तितकी गती जास्त, ही गोष्ट पुढे अकरावीत तिला वेगळ्या नावाने भेटेल. तेव्हा तिला मानस आठवेल अशी मला आशा आहे. त्यानंतर मी खलाशांचे बारा हिस्से फळ्यावर लिहिले आणि मुलांनी आपल्या आकड्यांशी ताडून पाहिले. अगदी तंतोतंत नाही, पण आकार तोच.

स्क्रॅचमध्ये मग मुलांनी एकेक पायरीचा ठोकळा काढून टाकला. आपण मोजलेल्या उंचींची यादी करून पाणी त्या यादीप्रमाणे चढवलं. आता पडद्यावर पाणी खरोखर आमच्या नदीसारखं वागतं. शेवटी आवाज भरला. स्क्रॅचमध्येच ध्वनिमुद्रण करता येतं. एक कळ दाबली की कोंकणीत वर्णन येतं, दुसरीने मराठीत, तिसरीने इंग्रजीत. कोंकणी वर्णनासाठी मुलांनी आजोबांचाच आवाज घेतला. इंग्रजी वर्णन लिहिताना दाब, पातळी, बाहेर पडणं यांसाठी शब्द त्यांनी स्वतः शोधले. तेव्हा त्यांना ते शब्द हवे होते, मी लादलेले नव्हते.

ही फाइल आता पाचवीच्या पेन ड्राइव्हवर आहे. नवीन वर्ग आला की मी ती लवकर दाखवते. मुलं आधी कोंकणीची कळ दाबतात, आजोबांचा आवाज ओळखतात, मग मराठी ऐकतात, आणि इंग्रजीची कळ बहुतेक वेळा मी न सांगताच दाबली जाते. डिचोलीतल्या एका शिक्षकमित्राने ती नेली आहे. त्यांच्या भागातही खाजन आहे, पण नदी वेगळी असल्यामुळे त्यांची मुलं आपले आकडे घालणार आहेत, आणि मला ते फार आवडलं.

या वर्षीच्या आठवीने नवा प्रश्न काढला आहे. पावसाळ्यात डोंगरातून गोडं पाणी येऊन नदी फुगते, तेव्हा ओहोटीलाही बाहेरची पातळी आतल्यापेक्षा वरच राहिली तर दार उघडणार कसं, आणि शेतातलं पाणी जाणार कुठे? त्यांच्या पडद्यावरची मानस फक्त उन्हाळ्यातली आहे. पावसात मुलांना बांधावर नेता येणार नाही, म्हणून आजोबांनी आपण स्वतः बांबू पाहून आकडे लिहून देईन असं सांगितलं आहे. त्यांना वही आणि पेन मुलांनीच नेऊन दिलं.